आधी कोणता गडी घ्यावा

एप्रिल लागला की वॉटरफोर्डबाहेरच्या कुंपणांवर काटेरी झुडपं पिवळीधमक फुलतात, आणि जरा ऊन पडलं की त्यांना खोबऱ्याचा वास येतो. इथले लोक या झुडपाला गॉर्स म्हणतात. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी चालता चालता थांबले आणि आसपासच्या घरांच्या खिडक्या न्याहाळल्या. कुणाकडे तरी करंज्यांचं सारण भाजायला घेतलं असणार, अशी माझी खात्री होती. फूल आयर्लंडचं आणि वास आपल्या दिवाळीचा, हे मला आजही पटलेलं नाही. दरवर्षी मी एक फूल तोडून नाकाशी धरते आणि दरवर्षी वाटतं, यात काहीतरी गडबड आहे.

संशय हा माझा स्वभाव आहे आणि देवाच्या कृपेनं धंदाही तोच आहे. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी काम करते. शिरेतून हृदयापर्यंत सरकवायच्या बारीक नळ्या आम्ही बनवतो. एखादं यंत्र अमुक काम करतं असं कुणी म्हणालं, की ते खरंच करतं का, रोज करतं का, थंडीत आणि उकाड्यात सारखंच करतं का, हे तपासून सिद्ध करणं माझ्याकडे असतं. थोडक्यात, समोरच्याच्या बोलण्यावर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. 'असेल की बरोबर' असं म्हणणारा माणूस आमच्या खात्यात टिकत नाही.

तर गॉर्स फुलतो त्याच दिवसांत टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट असतो. ड्राफ्ट म्हणजे गडी वाटून घेण्याचा जाहीर सोहळा. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंमधून तिथले संघ आळीपाळीनं एकेकाला उचलतात. गेल्या वर्षी ज्यांची सगळ्यात जास्त धूळधाण झाली त्यांना पहिला मान. नवे कोरे सूट घातलेली पोरं, डोळे पुसणाऱ्या आया, आणि नाव पुकारलं की उठणारा गलका. एरवी त्या खेळाशी माझं काही देणंघेणं नाही. पण हा कार्यक्रम मात्र मी चहाचा कप घेऊन, पाय वर घेऊन, शेवटपर्यंत बघते, आणि बघताना मला दोन हजार एकवीसचा वसंत आठवतो. तेवढा संशयानं भरलेला ऋतू माझ्या आयुष्यात दुसरा आला नाही.

तेव्हा घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. रस्त्यावर ओळखीचा माणूस समोरून आला की तो हसायचा आणि हसता हसता पलीकडच्या फुटपाथवर जायचा. हातांना सतत त्या सॅनिटायझरचा, दवाखान्यासारखा वास. दुपारी ऊन पडावं, छत्री घरी ठेवून निघावं, आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत गारा लागाव्यात. सगळ्यांची तोंडं झाकलेली, त्यामुळे कोण हसतंय, कोण दात-ओठ खातंय, काही कळत नसे. माझ्यासारखीला एवढं निमित्त पुरे होतं.

घरात आम्ही चौघं होतो. मी, माझा नवरा केदार, दहा वर्षांची इरा, आणि आई. आई ओगलेवाडीहून तीन महिन्यांसाठी म्हणून आली होती आणि विमानं बंद झाल्यामुळे दुसऱ्या वर्षीही आमच्याकडेच अडकली होती. माझा स्वभाव कुणाकडून आला, हे तिला बघून कुणालाही कळेल. शेजारची बाई आमच्या दारात अधूनमधून ताजे ब्ला ठेवून जायची. ब्ला म्हणजे इथला मऊ, पिठानं माखलेला पाव, वॉटरफोर्डची खासियत. आई तो उलटापालटा करून बघायची आणि म्हणायची, "उगंच कोन कुनाला देतंय? काय तरी काम असंल तिचं." त्या बाईचं काही काम वर्षभरात निघालं नाही, तरी आईनं हार मानली नाही. काम मोठं असणार म्हणून वेळ लागतोय, असं तिचं म्हणणं होतं.

कारखान्यात मात्र खरोखरच काहीतरी शिजत होतं. आमचं जुनं युनिट उन्हाळ्यानंतर दुसऱ्या देशात हलवायचं ठरलं होतं. त्याच्या जागी एक नवं, लहान युनिट येणार होतं. त्यात कोणाकोणाला घ्यायचं, हे आमचा मॅनेजर डेक्लन मे महिन्यात सांगणार होता. ज्याचं नाव येणार नाही त्याचं काम संपलं. माझं कंत्राट उन्हाळ्यापर्यंतचं, आणि माझं वर्क परमिट त्या कंत्राटाला बांधलेलं. केदारची नोकरी आदल्या वर्षीच गेली होती. म्हणजे माझं नाव आलं नाही, तर इराची शाळा सोडवून, भाड्याचं घर रिकामं करून, चार बॅगा भरून परतायचं. इरा वयाच्या सहाव्या वर्षापासून या देशात वाढलेली. तिला मराठी सगळं कळायचं आणि ती उत्तर द्यायची वॉटरफोर्डच्या इंग्रजीत. तिला कऱ्हाडच्या शाळेत बसवण्याच्या नुसत्या कल्पनेनं मी रात्री उठून बसायचे.

डेक्लन हा अवाढव्य माणूस. खांदे दारात अडकतील असे, आणि आवाज मात्र अगदी हळू, मांजराला गोंजारताना काढावा तसा. तरुणपणी तो इथल्या एका हौशी क्लबात अमेरिकन फुटबॉल खेळायचा. आयर्लंडात हा खेळ खेळणारे लोक आहेत हे मला त्याच्यामुळेच कळलं. त्यात त्याचे दोन्ही गुडघे गेले होते. महामारीत माझ्यासारखाच घरून काम करताना तो कपडे धुवायच्या खोलीत बसायचा. मागे वॉशिंग मशीन, वर डिटर्जंटची खोकी दाटीनं भरलेलं कपाट, ज्याला इथे प्रेस म्हणतात, आणि मांडीवर कुत्र्याचं डोकं. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच: "ग्रँड." काम झालं, ग्रँड. काम राहिलं, तरी ग्रँड. माझ्या कंत्राटाचं काय, असं मी एकदा धीर करून विचारलं, तेव्हाही तो म्हणाला, "यू आर ग्रँड, वैश." माझ्या नावाचं त्यानं एवढंच ठेवलं होतं. या शब्दाचा अर्थ होकार, नकार, माफी, 'आता फोन ठेव', यांपैकी काहीही असू शकतो. मी तो शब्द रात्रंदिवस चघळत बसले.

तर या डेक्लननं फेब्रुवारीत टूम काढली. दर शुक्रवारी दुपारी काम संपल्यावर सगळ्यांनी स्क्रीनवर जमायचं आणि ड्राफ्ट-ड्राफ्ट खेळायचं. प्रत्येकानं कागदावर आपापला संघ बांधायचा. आळीपाळीनं एकेक खेळाडू मागायचा, आणि तोच का मागितला हे दोन वाक्यांत सांगायचं. खेळ ठाऊक नसला तरी चालेल, तो शिकवेल. बस, जरा क्रॅक, म्हणजे इथल्या भाषेत जराशी गंमत. सगळे एकटे पडलेत, तेवढाच विरंगुळा.

विरंगुळा म्हणे. ज्या माणसाच्या हातात आमची नावं आहेत, तो आम्हाला दर आठवड्याला गडी निवडायला लावतो आणि आमची कारणं ऐकतो, आणि हा विरंगुळा? मला तत्काळ कळलं की ही परीक्षा आहे. परीक्षेशिवाय कुठलाही माणूस प्रश्न विचारत नाही, अशी आपली घडणच झालेली असते. लहानपणी पाहुणे आपल्याला पाढे विचारायचे तेसुद्धा गंमत म्हणूनच विचारायचे.

माझ्याच टीममध्ये नीलेश होता. ठाण्याचा, नळ्यांची डिझाइनं करणारा, डोक्यानं तल्लख. त्याचंही कंत्राट माझ्याबरोबरच संपत होतं. मी त्याला फोन करून माझा संशय सांगितला तर तो हसला. "अगं, टाइमपास आहे यार. मतलब, तू यात पण सिलॅबस शोधतेस?" त्याच्या या हसण्यानं माझी उरलीसुरली शंकाही फिटली. आमच्या कॉलेजात पहिला येणारा मुलगा परीक्षेच्या सकाळी असाच हसून म्हणायचा, माझं काहीच वाचून झालेलं नाही. नीलेश तयारी करत होता. नक्कीच करत होता.

मग मीही अभ्यासाला बसले. भाजी चिरताना, कणीक मळताना, समोर फोनवर त्या खेळाचे व्हिडिओ. हळूहळू एवढं समजलं की अंड्यासारख्या लांबट चेंडूचा हा खेळ आहे आणि त्यात एक राजा असतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू त्याच्या हातात येतो, तो बघतो, फेकतो, आणि टाळ्या त्याला मिळतात. पण त्याला फेकायला दोन श्वासांची उसंत मिळावी म्हणून त्याच्यापुढे पाच धिप्पाड माणसं उभी असतात. समोरून पलीकडचे तसेच धिप्पाड लोक राजाला आडवा करायला धावत येतात, आणि या पाचांनी त्यांना अंगावर घ्यायचं. एवढंच त्यांचं काम. चेंडूला त्यांनी हातही लावायचा नाही म्हटलं तरी चालेल. त्यांना लाइनमन म्हणतात. आईनं हा शब्द ऐकला आणि तिच्या डोळ्यांसमोर वीज मंडळाचा माणूस आला. "एवढा जाडा खांबावर कसा चढायचा गं?" तिनं विचारलं. खेळ समजल्यावर मात्र ती त्या पाचांकडेच बघायला लागली. राजाकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही.

या लाइनमनवरून जगभर वाद आहे, हेही कळलं. ड्राफ्टमध्ये पहिली संधी मिळाली तर ती अशा माणसावर खर्च करावी का? एक बाजू म्हणते, अजिबात नाही. धिप्पाड माणसं नंतरही मिळतात, राजा एकदाच मिळतो. शिवाय ही पाच जणांची भिंत आहे. त्यातला एक अगदी पोलादी असला आणि शेजारचा कच्चा निघाला, तर शत्रू त्या कच्च्याच्या अंगावरून आत येतो आणि पोलादी नुसता उभा राहतो. दुसरी बाजू म्हणते, राजा कितीही गुणी असो, दर खेपेला जमिनीवर आपटला तर दोन वर्षांत त्याचा मनका जाईल. मग गुण कुणाला दाखवणार? आधी भिंत घाला, मग राजा आणा. नीलेश पहिल्या बाजूचा. डेक्लन स्वतः भिंतीत उभा राहिलेला, त्यामुळे तो कुठल्या बाजूचा हे सांगायला नको. लाइनमनचं नाव फक्त चूक झाली की पुकारलं जातं, असं तो एकदा म्हणाला, आणि कुत्र्याचे कान चोळत राहिला.

मला परीक्षकाचं मन सापडलं होतं.

खरं तर गडी वाटायची आपल्याकडची तऱ्हा याहून किती हुशारीची होती. आमच्या कॉलनीत संध्याकाळी दोन राजे समोरासमोर उभे राहायचे. साधारण सारख्या ताकदीच्या दोघी दोघी जोडीनं बाजूला जायच्या आणि गुपचूप नावं ठरवायच्या, एकीचं चांदणी, एकीचं मोगरा. मग गळ्यात हात टाकून राजांपुढे यायचं आणि विचारायचं, कुणाला चांदणी, कुणाला मोगरा? राजाला कळायचंच नाही की तो कोणाला मागतोय. आधी कोण, नंतर कोण, हा अपमानच नाही. एवढी सुंदर युक्ती, आणि तीसुद्धा आमच्या गल्लीतल्या पोरांनी नासवली. बंड्या म्हणून एक राजा होता, तो चांगल्या खेळणाऱ्या पोरींशी दुपारीच ठरवून ठेवायचा की तू रोज फुलाचं नाव घे. आम्ही उरलेल्या चांदण्या मग पलीकडे. तेव्हापासून माझी समजूत पक्की आहे की निवड जेवढी निष्पाप दिसेल तेवढी ती आधी कुठेतरी ठरलेली असते.

पहिल्या शुक्रवारी माझी पाळी आली तेव्हा मी लाइनमन मागितला. दुसऱ्या वेळीही लाइनमन. तिसऱ्या वेळी सगळे हसायला लागले. मी हसले नाही. परीक्षकाला जे आवडतं तेच लिहायचं, आणि भरभरून लिहायचं, हे मी शाळेत शिकले होते. पाच आठवड्यांत माझी भिंत उभी राहिली, एकाहून एक दांडगी माणसं. प्रत्येकाचं वजन, उंची, कॉलेज, डावा पाय आधी टाकतो की उजवा, सगळं मी घडाघडा सांगायचे. नीलेशनं राजा घेतला, वाऱ्यासारखा पळणारा एक गडी घेतला, आणि टाळ्या घेतल्या. डेक्लन माझ्याकडे बघायचा आणि मान हलवायचा. त्या मान हलवण्याचे मी किती अर्थ लावले असतील!

एका शुक्रवारी इरा माझ्या मागे उभी राहून माझा संघ बघत होती. "मॅम," इथल्या पोरांसारखी आईला हाक मारून ती म्हणाली, "बट हू'ज गोइंग टु थ्रो द बॉल, लाइक?" मी तिला अभ्यासाला जा म्हणून पिटाळलं. पण चेंडू फेकायला माझ्याकडे खरंच कुणी नव्हतं.

तो प्रश्न मला अजून सोडत नाही. माझ्याच घरातल्या निवडी मी आठवून बघते. दहावीनंतर सायन्स, कारण पुढे सगळे रस्ते उघडे राहतात. मग इंजिनिअरिंग, कारण नोकरी. मग विमा, मग फिक्स्ड डिपॉझिट, मग परदेश, आणि परदेशात पुन्हा विमा. आम्ही पहिल्यापासून लाइनमनच घेत आलो. एक झाला की दुसरा, कारण भिंतीत कुठे ना कुठे फट दिसतेच. त्या भिंतीमागे कुणाला उभं करायचं होतं, हे ठरवायला सवड झाली नाही. मला हे चूकही वाटत नाही. ज्यांना मागून कुणी सावरायला नसतं, ते आधी भिंतच घालणार. फक्त कधीकधी गॉर्सच्या रस्त्यानं चालताना वाटतं, माझ्या आत चेंडू घेऊन उभं असलेलं कुणीतरी अजून पाळीची वाट बघतंय का?

मार्च सरत आला तशी मला एक वेगळीच शंका खायला लागली. डेक्लनला लाइनमन आवडतात, ठीक. पण का आवडतात? जो माणूस स्वतः राजाच्या जागी बसलाय, त्याला आपल्यापुढे धिप्पाड माणसं हवीतच. नवं युनिट म्हणजे नवी यंत्रं, पहिल्या वर्षी हजार भानगडी, अमेरिकेतून येणारे तपासनीस. काही चुकलं तर ते कुणाच्या अंगावर जाणार? जो सगळं तपासून सही करतो त्याच्या. म्हणजे माझ्या. मी परीक्षेत पास व्हायला निघाले होते आणि बक्षीस होतं राजासाठी आडवं होणं. आई तर पहिल्यापासून सांगत होती. डेक्लनचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू आला की ती लाटणं थांबवून ऐकायची. भाषा तिला कळत नव्हती, सूर कळायचा. "त्यो लई गोड बोलतोय," ती म्हणायची. "गोड बोलनारा मानूस मागं काय तरी लपवतोय. जपून ऱ्हा."

गंमत अशी की मला ते काम हवंही होतं आणि त्याची भीतीही वाटत होती. नाव आलं तर अडकले, नाही आलं तर संपले. त्या दिवसांत मी नीट झोपले नाही, इरावर उगाच खेकसले, केदारनं नोकरीसाठी पाठवलेल्या अर्जांना उत्तर आलं नाही की त्याच्यावरही खेकसले. घरात चौघांचीही तोंडं उतरलेली होती आणि बाहेर तो पिवळा रंग असा उधळलेला, की कुणी मुद्दाम चिडवायला लावलाय असं वाटावं.

मेच्या सुरुवातीला डेक्लननं सगळ्यांना स्क्रीनवर बोलावलं. कुत्रा नव्हता, वॉशिंग मशीन बंद होतं. त्यानं कागद पुढे धरला आणि नावं वाचायला सुरुवात केली.

पहिलं नाव माझं होतं.

माझ्यानंतर पॅकिंगमधली ब्रीडा, जी गेली कित्येक वर्षं एकाच खुर्चीवर बसून खोकी तपासते. मग यंत्रं दुरुस्त करणारा टोमाश. मग स्टोअर सांभाळणारी एक बाई, जिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. चमकणारं एकही नाव नाही. सगळ्यांना कळलं की त्यानं आधी भिंत निवडली होती. नीलेशचं नाव शेवटपर्यंत आलं नाही.

केदारनं मला घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. आईनं देवाला साखर ठेवली. इरा सोफ्यावर उड्या मारत होती. मलाही रडू आलं, अगदी हुंदके देऊन आलं. पण डोळे पुसून होतात न होतात तोच ती जुनी टोचणी सुरू झाली. आयुष्यात मला कुणी सगळ्यांत आधी उचललेलं नाही. मग आताच का?

संध्याकाळी नीलेशचा फोन आला. मी तयारीत होते. तो चिडला असणार, किंवा न चिडल्याचं नाटक करणार. त्याचा आवाज थकलेला होता. राजधानीतल्या ग्रँड कॅनाल डॉक भागातल्या एका कंपनीत त्याचं बोलणं चालू होतं, तिथं बहुतेक जमेल म्हणाला. आणि जमलंच पुढे. मग म्हणाला, "राग नाही गं माझा. पण एक सांगू? जो आपल्याला पहिलं उचलतो ना, तो पुढे उभं करायला उचलतो. जपून."

म्हणजे आता आई आणि नीलेश दोघांचं एकमत झालं होतं. आणखी काय पुरावा हवा?

नव्या कंत्राटावर सही करायला मला कारखान्यात बोलावलं होतं. इतक्या महिन्यांनी तो रस्ता, तो गेट, तो प्लास्टिक तापल्यासारखा गोडसर वास. मी ठरवूनच गेले होते की डेक्लन दिसला तर तोंडावर विचारायचं आणि मगच सही करायची. तो पार्किंगमध्येच दिसला. मास्क लावलेला, गाडीची डिकी उघडी, आणि तिच्यात खोकी. एका खोक्यातून त्याच्या टेबलावरचा दिवा बाहेर डोकावत होता, आणि त्याच्या जुन्या क्लबाचं ते खरचटलेलं हेल्मेट, जे त्याच्या केबिनच्या खिडकीत असायचं.

मी दोन मीटरवर थांबले. दिवा का नेतोयस, हे विचारायला हवं होतं. पण इतके दिवस घोकलेला प्रश्न आधी बाहेर पडला. मी म्हणाले, तू मला पहिलं का घेतलंस? काही चुकलं तर तुझ्यापुढे उभी करायला?

त्यानं हातातलं खोकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "माझ्यापुढे? मी असणार नाही, वैश. मला त्यांनी जानेवारीतच सांगितलं. टीम निवड आणि जा."

पार्किंगच्या कडेला झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती.

तो त्याच हळू आवाजात बोलत राहिला. नवा मॅनेजर कोण येणार हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी तरुण असेल, बाहेरचा असेल, इथली यंत्रं त्यानं पाहिलेलीही नसतील. आल्या आल्या तो भुईसपाट झाला तर युनिटही जाईल आणि सगळ्यांची कामंही जातील. म्हणून त्यानं आधी अशी माणसं घेतली ज्यांच्या हातून काही निसटत नाही. राजे येतात आणि जातात, तो म्हणाला, भिंत टिकायला हवी. आणि शुक्रवारचा तो खेळ? तो खेळ त्यानं स्वतःसाठी काढला होता. घरी बायकोला जानेवारीत सांगवलं नव्हतं. आठवड्यातून एक तास तरी अशा विषयावर बोलावं जो आपल्याला नीट येतो, एवढंच त्याला हवं होतं.

मला राग आला. त्याचा आला, त्या न दिसणाऱ्या लोकांचा आला, आणि माझी मलाच शरम वाटली. सगळा वसंत मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर टक लावून होते, आणि त्याला मागून कुणीतरी ढकलतंय हे मला दिसलं नाही. "मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

त्याचे डोळे मास्कच्या वर बारीक झाले. "सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तू विश्वास ठेवला असतास?"

मी खरं उत्तर दिलं. नाही म्हणाले.

तो मोठ्यानं हसला, मास्क आतबाहेर होईपर्यंत. मग शेवटचं खोकं उचलायला वाकला आणि गुडघ्यावर हात ठेवून अर्ध्यातच थांबला. मी पुढे होऊन खोकं उचललं आणि डिकीत ठेवलं. दोन मीटरचा नियम आम्ही दोघांनीही विसरल्यासारखं केलं. आत जा, सही कर, तो म्हणाला, आणि गाडीत बसला.

मी लगेच आत गेले नाही. खोक्यांनी डिकीची काच पार झाकून गेली होती, त्याला मागचं काहीएक दिसत नव्हतं. त्यानं गाडी सुरू केली आणि मागे घ्यायला लागला. तेवढ्यात गेटमधून मालाचा एक ट्रक वळून सरळ त्याच्या मागेच आला. मी धावत गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले आणि ट्रकपुढे दोन्ही हात वर केले. ट्रक थांबला. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला, मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं तो काढून घेतला. डेक्लनची गाडी सावकाश मागे आली, वळली, आणि गेटमधून बाहेर पडली. तिनं डावीकडचं वळण घेईपर्यंत मी हात खाली केले नाहीत.